संत जुझे दि आंशिएटा : आजारातून उठलेला नाटककार, ब्राझीलचा प्रेषित

दरवर्षी ९ जून रोजी ख्रिस्तसभा संत जुझे दि आंशिएटा ह्यांचा स्मृतिदिन पाळते. 'ब्राझीलचे प्रेषित' म्हणून ते ओळखले जातात. साओ पावलो ह्या महानगराच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. ब्राझीलच्या वाङ्मयाचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो, आणि त्या देशातील पहिले नाटककार हा मानही त्यांच्याकडेच जातो. मात्र ज्या तरुणाने हे सर्व घडविले, तो वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता, आणि आपण कोणाच्याही उपयोगाचे उरलो नाही ह्या चिंतेने ग्रासलेला होता. त्या रुग्णशय्येपासून रंगमंचापर्यंतचा, आणि रंगमंचावरून लोकांच्या दारापर्यंतचा त्यांचा प्रवास ह्या लेखात थोडक्यात मांडला आहे.

जन्म व शिक्षण

जुझे ह्यांचा जन्म १९ मार्च १५३४ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे ह्या बेटावरील ला लागुना गावी झाला. १९ मार्च हा संत योसेफाचा सण. बाळाला मिळालेले नाव त्याच संताचे. आपल्याकडे वसईत घरोघरी आढळणारे 'जुझे' हे नाव हेच. त्यांचे वडील स्पेनच्या बास्क प्रांतातील होते आणि संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. आई कॅनरी बेटांवरीलच होती.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १५४८ साली, जुझे पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे शिक्षणासाठी गेले. लॅटिन भाषेवर त्यांनी लवकरच प्रभुत्व मिळविले. त्यांची काव्यरचना इतकी सहज होती, की सोबती त्यांना 'कोइंब्राचा कॅनरी पक्षी' म्हणू लागले. १ मे १५५१ रोजी, सतरा वर्षांचे असताना, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. तेव्हा येशूसंघाची स्थापना होऊन अवघी अकरा वर्षे झाली होती आणि संत फ्रान्सिस झेवियर अजून पूर्वेकडे कार्यरत होते. त्यांची पत्रे युरोपातील विद्यालयांतून वाचली जात. दूरदेशी जाऊन ख्रिस्ताची सुवार्ता सांगावी, ही आकांक्षा त्या काळच्या तरुण येशूसंघीयांच्या मनात घर करून होती.

आजारपणाची परीक्षा

संघात प्रवेश केल्यानंतर थोड्याच काळात जुझे गंभीर आजारी पडले. हा हाडांचा क्षयरोग असावा, असे चरित्रकारांचे मत आहे. एक शिडी पाठीवर कोसळल्याने दुखणे बळावले, असेही परंपरा सांगते. त्यांच्या पाठीला कायमचा बाक आला. महिनोन् महिने वेदना, औषधे आणि विश्रांती ह्यांतच दिवस जाऊ लागले.

ह्या आजारपणात शरीराच्या वेदनेहून मनाची वेदना मोठी होती. संघात राहावयाचे तर शरीर धडधाकट हवे. आजारामुळे आपल्याला घरी पाठविले जाईल, ही धास्ती त्या तरुणाला लागून राहिली. देवाने बोलाविले म्हणून सर्व सोडून आलो, आणि त्याच देवाने आता हे शरीर मोडून का ठेवले, हा प्रश्न प्रदीर्घ आजार भोगणाऱ्या कोणत्याही श्रद्धावंताला परका नाही.

अखेर वैद्यांनी सल्ला दिला, की ब्राझीलचे हवामान ह्या प्रकृतीला मानवेल. वरिष्ठांनी तो मान्य केला. ८ मे १५५३ रोजी जुझे लिस्बनहून जहाजात बसले आणि १३ जुलै रोजी साल्वादोर बंदरात उतरले. ज्या धर्मकार्याची त्यांना ओढ होती, तेथे ते पोहोचले ते एका अर्थी रुग्ण म्हणूनच. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढची चव्वेचाळीस वर्षे त्यांनी त्याच भूमीवर घालविली.

पाठीचा बाक गेला नाही, पण प्रकृती सुधारली. ब्राझीलमधून त्यांनी कोइंब्रातील आजारी बंधूंना एक पत्र लिहिले. पोर्तुगालमध्ये आपण औषधपाण्याच्या आधारावर जगत होतो, येथे साध्या अन्नावर आणि भरपूर श्रमांवर अधिक बरे आहोत, असा त्याचा आशय होता. आजाऱ्याची कणव स्वतः आजार भोगलेल्या माणसाला अधिक असते, हे त्या पत्रातून जाणवते.

झोपडीतील विद्यालय

त्या वेळी ब्राझीलमधील येशूसंघीयांचे प्रमुख फादर मानुएल दा नोब्रेगा होते. त्यांनी समुद्रकिनाऱ्यापासून आत, पिराटिनिंगाच्या पठारावर, एक विद्यालय उघडण्याचे ठरविले. २५ जानेवारी १५५४ रोजी, संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणाच्या दिवशी, तेथे पहिली मिस्सा अर्पण करण्यात आली. म्हणून त्या जागेला संत पौलाचे, म्हणजेच साओ पावलो, हे नाव मिळाले. आज ते ब्राझीलमधील सर्वांत मोठे शहर आहे.

माती व काठ्यांची, गवताने शाकारलेली ती झोपडी चौदा पावले लांब आणि दहा पावले रुंद असल्याचे जुझे ह्यांनी वरिष्ठांना पाठविलेल्या पत्रात नमूद केले आहे. तीच शाळा, तेच शयनगृह, तेच भोजनगृह, तेच स्वयंपाकघर आणि तोच दवाखाना. छापील पुस्तके नव्हती. विद्यार्थ्यांसाठी धडे हाताने लिहून काढण्याचे काम जुझे करीत. दिवसा अध्यापन आणि रात्री नकला, असा क्रम होता. ह्याखेरीज ते बंधूंसाठी चपला बनवीत आणि आजाऱ्यांवर त्या काळच्या पद्धतीने उपचार करीत. पाठीमुळे घोड्यावर बसणे अवघड जाई, म्हणून ते बहुतेक प्रवास पायीच करीत.

लोकांची भाषा

ब्राझीलच्या किनाऱ्यावरील बहुसंख्य लोक तुपी भाषा बोलत. ह्या भाषेला लिपी नव्हती, व्याकरणग्रंथ नव्हता. जुझे यांनी विद्यार्थ्यांकडून, शेजाऱ्यांकडून, मुलांकडून ती भाषा ऐकून आत्मसात केली आणि तिचे व्याकरण रचले. हे व्याकरण अनेक वर्षे हस्तलिखित स्वरूपात धर्मगुरूंच्या हातोहात फिरत होते. १५९५ साली ते कोइंब्रा येथे छापले गेले. ह्या व्याकरणाबरोबर त्यांनी तुपी भाषेत धर्मशिक्षणाचे पाठ, प्रार्थना आणि गीते सिद्ध केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळात वसाहतीत आलेल्या अनेकांच्या दृष्टीने तुपी ही रानटी बोली होती. तिचेही नियम आहेत, तिच्यातही सूक्ष्म अर्थ सांगता येतात आणि देवाची स्तुती तिच्यातही तितकीच शोभते, हे त्या व्याकरणाने आणि गीतांनी दाखवून दिले.

ओलिसाचे दिवस

१५६३ साली पोर्तुगीज वसाहती आणि तामोयो जमातींचा संघ ह्यांच्यात युद्ध पेटले होते. पोर्तुगीज वसाहतवाले स्थानिकांना गुलाम करीत, हे त्या वैराचे एक प्रमुख कारण होते. शांततेची बोलणी करण्यासाठी फादर नोब्रेगा आणि जुझे हे दोघे निःशस्त्र तामोयोंच्या इपेरोइग ह्या गावी गेले. हे ठिकाण आजच्या उबातुबा शहराच्या परिसरात आहे. काही काळाने नोब्रेगा तहाच्या कामासाठी परतले आणि जुझे एकटे ओलीस म्हणून तेथे राहिले.

कोणत्याही दिवशी मृत्यू येऊ शकेल, अशा अवस्थेत त्यांनी पवित्र मरीयेच्या चरित्रावर लॅटिन महाकाव्य रचण्याचा नवस केला. कागद नव्हता. किनाऱ्यावरील वाळूत ओळी लिहून ते त्या पाठ करीत, असे परंपरा सांगते. पुढे सुटकेनंतर त्यांनी ते काव्य कागदावर उतरविले. त्याच्या जवळजवळ सहा हजार ओळी आहेत. वाळूत लिहिणाऱ्या आंशिएटांचे चित्र ब्राझीलमधील शाळकरी मुलांच्याही परिचयाचे आहे. अखेर तह झाला आणि जुझे सुखरूप परतले. १५६६ साली साल्वादोर येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

अंगणातील रंगभूमी

आंशिएटा नाटकाकडे वळले ते नोब्रेगांच्या सांगण्यावरून. सणाच्या दिवशी वसाहतीतील लोक चर्चमध्ये अनुचित प्रकारची नाटके करीत. ती नुसती बंद करण्याऐवजी त्यांच्या जागी चांगले नाटक द्यावे, असे नोब्रेगांना वाटले. ह्यातून १५६१ च्या सुमारास आंशिएटांचे पहिले नाटक उभे राहिले. 'विश्वव्यापी उपदेश' असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. त्यात एका गिरणीवाल्याची कथा येते. त्याचा रविवारचा ठेवणीतला पोशाख चोरीला जातो. हा गिरणीवाला म्हणजे आदाम आणि पोशाख म्हणजे त्याने गमावलेली देवाची कृपा. रविवारी मिस्सेला नेसावयाचे कपडे हरविले तर काय वाटेल, हे कोणत्याही गावकऱ्याला समजते. कृपेसारखा गहन विषय आंशिएटांनी असा घरगुती दृष्टांतातून समजाविला.

त्यांच्या नावावर सुमारे डझनभर नाटके सांगितली जातात. त्यांतील काही तुपीत आहेत, काही पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत, तर काहींत ह्या भाषा एकत्र नांदतात. ह्याचे कारण प्रेक्षकांत आहे. चर्चच्या अंगणात एका बाजूला तुपी कुटुंबे, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज शेतकरी, मधेच स्पॅनिश खलाशी व शिपाई असत. प्रत्येकाला आपल्या भाषेतील काही ना काही ऐकावयास मिळे. पात्रे गावातलीच असत. शाळेतील मुले नाचत-गात. संताचे अवशेष गावात आणावयाचे असतील, तर त्यांच्या स्वागताची मिरवणूक हाच नाटकाचा पहिला प्रवेश ठरे आणि चर्चच्या दाराशी शेवट होई. नाटक आणि उपासना ह्यांच्यात भिंत नव्हती.

ह्या नाटकांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे ते संत लॉरेन्सच्या सणाचे नाटक. रिओ दि जानेरोच्या उपसागरापलीकडे आराराइबोइया ह्या स्थानिक प्रमुखाने वसविलेल्या साओ लोरेन्सो गावी, आजच्या नितेरॉय शहरात, १५८० च्या दशकात ते सादर झाले. नाटकात ग्वाइशारा नावाचा सैतान आपल्या साथीदारांसह गाव बिघडविण्याचा बेत करतो. मद्यपान, सूड आणि नरमांसभक्षण ह्यांची तो बढाई मारतो. गावाचे रक्षण करण्यासाठी संत लॉरेन्स, संत सेबास्टियन आणि राखणदार दूत पुढे येतात. पुढे संत लॉरेन्सला छळणाऱ्या रोमन सम्राटांना शासन होते. अखेरीस 'देवाचे भय' व 'देवाची प्रीती' ही पात्रे उपदेश करतात आणि मुलांच्या नृत्याने नाटक संपते.

आंशिएटांनी ही नाटके छापण्यासाठी लिहिली नव्हती. प्रसंग आला की नाटक लिहावयाचे, गावकऱ्यांकडून बसवून घ्यावयाचे, आणि पुढच्या गावी निघावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्या काव्य-नाटकांची एक जुनी वही रोममधील येशूसंघाच्या दप्तरखान्यात जपून ठेवली गेली. तिच्यातील रचना १९५४ साली, साओ पावलोच्या चारशेव्या वर्षी, ब्राझीलमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

आजाऱ्यांची सेवा

ज्याने स्वतः अंथरुणावर दिवस काढले, त्याचे लक्ष आजाऱ्यांकडे वळल्यावाचून राहत नाही. युरोपातून आलेल्या देवीसारख्या रोगांनी १५६० च्या दशकात ब्राझीलमधील स्थानिक लोकांचा मोठा संहार केला. अशा साथींत येशूसंघीय रुग्णांच्या झोपड्यांतून फिरत, मरणासन्नांना स्नानसंस्कार देत, मृतांना मूठमाती देत. आंशिएटा तर उपचारही करीत. स्थानिक वनस्पती, प्राणी, हवामान ह्यांविषयी त्यांनी लिहिलेली पत्रे अभ्यासक आजही वाचतात.

रिओ दि जानेरो येथील 'सांता कासा' ह्या दयाकार्याच्या रुग्णालयाचा आरंभही परंपरेनुसार आंशिएटांशी जोडला जातो. १५८२ साली एका स्पॅनिश आरमाराचे अनेक आजारी खलाशी रिओच्या बंदरात उतरले. त्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था आंशिएटांनी केली, असे सांगतात. त्या वेळी ते ब्राझीलमधील येशूसंघाचे प्रांताधिकारी होते. १५७७ पासून सुमारे दहा वर्षे ही जबाबदारी त्यांनी वाहिली. बाक आलेल्या पाठीने ते किनाऱ्यावरील एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जात राहिले.

काही कठीण प्रश्न

संतांचे चरित्र वाचताना त्यांच्या काळाच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य नाही. संत लॉरेन्सच्या नाटकातील ग्वाइशारा व आइंबिरे ही सैतानांची नावे पोर्तुगीजांशी लढलेल्या खऱ्याखुऱ्या तामोयो प्रमुखांची होती. आपली भूमी राखण्यासाठी लढणाऱ्या माणसांना रंगमंचावर सैतान करणे आज आपल्याला खटकते, आणि खटकावयासच हवे. येशूसंघीयांनी स्थानिकांना गुलाम करण्यास वारंवार विरोध केला, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्यांनीच विखुरलेल्या जमातींना मिशनच्या गावांत एकत्र वसविले. त्यामुळे त्यांचे जुने जीवन तुटले आणि दाट वस्तीत साथी अधिक वेगाने पसरल्या. बळाचा धाक असल्याशिवाय धर्मांतर टिकणार नाही, असा सूर आंशिएटांच्याही एका पत्रात उमटतो.

ख्रिस्तसभेने पुढे ह्याविषयी आत्मपरीक्षण केले आहे. ज्या जुन्या 'शोधाच्या सिद्धान्ता'च्या आधारे वसाहतवाल्यांनी स्थानिकांच्या भूमीवर हक्क सांगितला, तो व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी जाहीरपणे नाकारला. संत म्हणजे निर्दोष माणूस नव्हे. आपल्या काळाच्या मर्यादेत राहूनही देवाच्या कृपेला वाट करून देणारा तो माणूस असतो, हे आंशिएटांचे चरित्र शिकविते.

अखेर व संतपद

अखेरची वर्षे आंशिएटांनी एस्पिरितो सांतो प्रांतात काढली. तेथेही लेखणी थांबली नव्हती. मरीयेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीवरील नाटक हे त्यांचे शेवटचे मानले जाते. ९ जून १५९७ रोजी रेरितीबा गावी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ते गाव आज आंशिएटा ह्याच नावाने ओळखले जाते. स्थानिक लोकांनी त्यांचा देह खांद्यावर घेऊन कित्येक कोस दूर व्हितोरिया येथे नेला. तेथील अंत्यविधीच्या प्रवचनात त्यांना प्रथम 'ब्राझीलचा प्रेषित' असे संबोधण्यात आले.

संतपदाची प्रक्रिया सतराव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाली. १७३६ साली त्यांच्या सद्गुणांना मान्यता मिळाली. परंतु १७५९ साली पोर्तुगालच्या राज्यातून येशूसंघीयांची हकालपट्टी झाली, पुढे संघच बरखास्त झाला, आणि काम रेंगाळले. २२ जून १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. २०१३ साली रिओ दि जानेरो येथे भरलेल्या जागतिक युवा दिनाच्या मध्यस्थांत त्यांचा समावेश होता. ३ एप्रिल २०१४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतांच्या यादीत समाविष्ट केले. पोप फ्रान्सिस स्वतः येशूसंघीय आणि दक्षिण अमेरिकेचे सुपुत्र होते.

आपल्या भूमीशी नाते

आंशिएटा भारतात कधी आले नाहीत. तरीही त्यांची कथा आपल्याला परकी वाटत नाही. ते ब्राझीलमध्ये प्रांताधिकारी असताना, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, त्यांच्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. त्यांनी मराठी भाषेचा अभ्यास करून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यांनी रचलेले कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. एक तुपीच्या किनाऱ्यावर, दुसरा कोंकणच्या किनाऱ्यावर; दोघांनीही लोकांची भाषा आधी शिकली आणि मग तोंड उघडले.

आणखी एक योगायोग असा, की आंशिएटांनी देह ठेवला त्याच १५९७ साली, ५ फेब्रुवारी रोजी, आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करले. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन साक्षी पूर्ण झाल्या.

आपल्यासाठी बोध

आपल्या धर्मग्रामांत नाताळात मुले येशूजन्माचा देखावा उभा करतात, प्रायश्चित्तकाळात तरुण दुःखसहनाचे नाट्य बसवितात. तालमीला जागा मिळत नाही, पोशाखांना पैसे कमी पडतात, ऐन वेळी कोणी आजारी पडतो. आंशिएटांच्या अंगणातही ह्याहून वेगळे नव्हते. त्या तालमीत सुवार्ता ऐकावयास मिळालेला एखादा मुलगा तिचा शब्द जन्मभर बाळगतो, हे लक्षात ठेवून आपण त्या कार्याकडे पाहावे.

त्याचबरोबर आपल्या प्रत्येक धर्मग्रामात दीर्घ आजाराने घरी बसलेली माणसे आहेत. 'आता माझा काय उपयोग?' हा त्यांचा प्रश्न कोइंब्रातील त्या तरुणाचाच प्रश्न आहे. त्यांना पवित्र कम्युनियन घरपोच मिळते, ते उत्तमच. परंतु त्यांच्या हाती काही काम, काही जबाबदारी सोपविण्याचा विचार आपण करतो का? कोणी गीत लिहू शकेल, कोणी मुलांना धर्मशिक्षणाचा पाठ सांगू शकेल, कोणी तालीम पाहून उच्चार सुधारू शकेल. वैद्यांनी हवापालट म्हणून ज्याला जहाजात बसविले, त्याच्या हाती वरिष्ठांनी शाळा दिली, आणि तेथून एका देशाचा प्रेषित उभा राहिला.

संत जुझे दि आंशिएटा, आजाऱ्यांसाठी आणि तुझ्यासारखेच शब्दांतून, गीतांतून, नाट्यांतून सुवार्ता सांगणाऱ्या सर्वांसाठी विनंती कर.